पाच आधार आणि एक खडा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज समुपदेशक बाई स्वतः ऑफिसात आल्या. फोनवर बोलता आलं असतं, पण काही प्रश्न समोर बसून विचारलेले बरे, असं त्या म्हणाल्या. घर सोडावं लागणाऱ्या बायकांसाठी जो आसरा आहे, तिथे त्या काम करतात. या बायकांनी संगणक आणि फोन जपून कसा वापरावा, याचं एक पत्रक त्या छापणार आहेत. त्यात संगणकातल्या 'पडदा' या सोयीबद्दल एक वाक्य आहे आणि ते त्यांनी आमच्या माहितीकोशातून जसंच्या तसं उचललंय: 'पडद्याआड ठेवलेला मजकूर त्याच संगणकावर काम करणाऱ्या घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला उघडता येत नाही.'

त्यांनी वाक्यावर बोट ठेवलं. "हे खरं आहे ना?"

मी म्हटलं, खाली पाच आधार दिलेत.

"आधार किती आहेत ते मी वाचलं. खरं आहे का, ते विचारतेय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न असा सरळ कुणी विचारला नव्हता. माझं काम आधार तपासण्याचं. कोशातलं वाक्य कुठून आलं, ज्याच्यावरून घेतलं त्याला ते ठाऊक असायचं काही कारण आहे का, आणि दोन आधार दिलेत ते खरोखर दोन आहेत की एकाचेच दोन अवतार, एवढंच मी बघते. खरं-खोटं ठरवणं आमच्याकडे आगाऊपणा समजला जातो.

मग त्यांनी एका बाईंबद्दल सांगितलं. शिवणकाम करतात. घरात संगणक एकच, नवऱ्याने घेतलेला. अंगावरच्या वळांचे फोटो, दवाखान्याचे कागद, बहिणीशी झालेलं बोलणं, हे सगळं त्यांना घरातून निघेपर्यंत पडद्याआड ठेवायचंय. "त्याच्या हाती लागलं तर निघणं बाजूलाच राहील," समुपदेशक बाई म्हणाल्या. एकवीस तारखेच्या शुक्रवारी पत्रक छापायला जायचंय. तोवर त्या शिवणकामवाल्या बाईंना थांबायला सांगतील. मी हो म्हटलं तर त्या हो म्हणतील.

घरी येताना गंमत वाटली. ही दैनंदिनी मी पडद्याआडच लिहिते. नव्या वर्षात नवऱ्याने हा संगणक घेतला, खोक्यातून काढून मांडला, आधी स्वतःचं खातं उघडलं, मग माझं. वहीपेक्षा हे बरं. वही कुठेही कोंबा, घर आवरताना ती हाती लागतेच. इथे परवलीचा शब्द घातला की आतून कडी लावल्यासारखं वाटतं. मी काही लिहिते हे घरात कुणाला ठाऊक नाही. कुणाला म्हणजे नवऱ्यालाच. मुलगी वसतिगृहात गेल्यापासून घरात दुसरं आहे कोण.

मान दुखतेय. आणि स्वयंपाकघरातला नळ टपटपतोय. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, मला मात्र डोक्यात घण घातल्यासारखा वाजतो. असो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाचही आधार टेबलावर घेऊन बसले. तंत्रज्ञानाला वाहिलेलं एक मासिक, एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतलं सदर, ग्राहक संघटनेची पुस्तिका, एका प्राध्यापकांचं सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक आणि एका चाचणी प्रयोगशाळेचा अहवाल. लेखक वेगळे, प्रकाशक वेगळे. याहून भक्कम काय असणार?

पण वाचताना कुठेतरी खटकत होतं. गाण्याचा मला गंध नाही, शेजारी शेजारी वाजवलेले दोन सूर मला वेगळे कळत नाहीत. वाक्यांचा कान मात्र आहे. पहिल्या चौघांत आधी सोयीचा थोडा इतिहास येतो, मग 'बांधणीच्या काळात कंपनीतले लोक तिला मोरपीस म्हणत' हे येतं, आणि मग आमचं ते वाक्य. शब्द बदललेत, क्रम तोच. प्राध्यापकांनी तर मोरपिसावर एक विनोदही केलाय, जो फारसा जमलेला नाही.

अर्थात क्रम सारखा म्हणजे नक्कल, असं होत नाही. गोष्ट एक असली की सांगणारेही ती सारखीच सांगणार. मला उगाच संशय घ्यायची खोड आहे. नवरा विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. तो म्हणतो, आपल्या घरात संशयाचा पगार मला मिळतो आणि काम तू करतेस.

आज त्याने मानेखाली घ्यायची उशी आणली. मान दुखते हे मी एका शब्दाने बोलले नव्हते. विचारलं तर म्हणाला, तुझ्या बसण्यावरून कळतं. नळवाल्यालाही बोलावून गेला होता. नळ आता गप्प आहे. संसार मुरला की न बोलता कळतं म्हणतात ते खोटं नाही. मी त्याला गृहीत धरते, असं मनात आलं आणि जरा लाज वाटली.

सोमवार, १० फेब्रुवारी

दुपारी जिन्यात उभी राहून एक फोन घेतला. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात नवा कोश सुरू होतोय. आधार तपासायचा सगळा विभाग मी सांभाळावा, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. खिडकीपाशी टेबल असलेली स्वतःची खोली मिळेल म्हणाले. किती साधी गोष्ट, पण फोन ठेवल्यावरही तीच डोक्यात राहिली. खिडकीपाशी स्वतःची जागा. मला एवढंच हवं होतं बहुतेक, इतकी वर्षं.

घरी सांगितलं नाही. त्याची नोकरी इथे आहे, तो येणार नाही. मला तरी जायचंय का, हे आधी स्वतःशी ठरवावं, मग बोलावं. हे लपवणं झालं का? उशिरा सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं, अशी मी मनाची समजूत घालतेय. ज्या फरकासाठी समजूत घालावी लागते तो फरक बहुधा नसतोच.

पडद्याचं काम पुढे सरकत नाही. ऑफिसातली यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तोही आधी यंत्राची नाडी बघितल्यासारखं करतो आणि मग म्हणतो, बंद करून चालू करा. त्याला विचारलं. आमच्या यंत्रांवर ही सोय बंदच ठेवलीय, त्यामुळे दाखवता येणार नाही म्हणाला. पुढे म्हणाला, "पण मॅडम, ज्याने यंत्र पहिल्यांदा चालू केलं, त्याच्याकडे मोठी किल्ली जाते म्हणतात. कुणी शब्द विसरलं तर उघडायला."

मी विचारलं, हे कुठे छापलंय?

"छापायचं काय त्यात? असं असतंच."

'म्हणतात' आणि 'असतंच'. या दोन शब्दांपायी मी आजवर किती नोंदी परत पाठवल्यात. तोच न्याय डॉक्टरला. त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं.

घरच्या संगणकावर करून बघता येईल, नवऱ्याच्या खात्यातून. पण त्याला विचारलं तर तो कारण विचारणार, आणि न विचारता शिरणं माझ्याच्याने होणार नाही. नवरा झाला तरी दुसऱ्याचं दार ते दुसऱ्याचं. शिवाय स्वतः पाहिलेलं कोशात चालत नाही, कुणीतरी छापलेलं लागतं. आमचा पहिला नियमच तो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जेवताना नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाची तरी गोष्ट काढली. त्या गृहस्थाची बायको दुसऱ्या शहरी नोकरीला गेली. दोन घरं झाली, दोन्हीकडे अर्धंमुर्धं, शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या. गोष्ट त्याने नेहमीसारखीच सांगितली, मधेच थांबून पाणी पीत. मग म्हणाला, आपलं बरं चाललंय.

चोराच्या मनात चांदणं. योगायोगच, पण किती नेमका. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी मात्र ताटं उचलायला उठले.

समुपदेशक बाईंचा निरोप होता. शिवणकामवाल्या बाई विचारत असतात, कळलं का म्हणून. फोटो सध्या बहिणीच्या फोनमध्ये आहेत, कारण यांचा फोन नवरा रोज संध्याकाळी हातात घेऊन बघतो. त्यामुळे त्या सकाळी फोटो बहिणीकडून मागवून घेतात, बघतात आणि संध्याकाळच्या आत पुसून टाकतात. का बघतात, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "खरंच झालं होतं याची खात्री करायला."

मी उद्या जुन्या संपादकांना फोन करणार आहे. पडद्याची मूळ नोंद त्यांच्या काळातली. निवृत्त झाले तरी ऑफिसात त्यांना अजून काडेचिराईत म्हणतात, अर्थात त्यांच्यामागे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काडेचिराईतांकडे जाऊन आले. खोलीत खुर्च्या दोन. एकीवर ते आणि दुसरीवर कात्रणं. कात्रणांना उठवणं त्यांच्या जिवावर आलं, पण उठवलं.

मी चारही आधार समोर ठेवले आणि मोरपिसाबद्दल विचारलं. ते इतके हसले की चष्मा काढावा लागला.

"अहो, तो माझा खडा."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. आपल्या कोशावर कोण डल्ला मारतं हे समजावं म्हणून ते मधूनमधून एखाद्या नोंदीत एक खोटी गोष्ट पेरायचे. बारीकशी, कुणाचं काही बिघडणार नाही अशी. आपल्या तांदळात आपणच टाकलेला खडा. तो दुसऱ्याच्या ताटात दिसला की समजायचं, तांदूळ आपल्याकडचाच. मोरपीस हे नाव त्यांनी दाढी करताना सुचून घातलं होतं. कंपनीत त्या सोयीला कुणी कधी मोरपीस म्हटलेलं नाही.

मला राग आला. वाचकाला फसवणंच हे, असं मी म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, मोरपिसाने जखमी झालेला एक वाचक दाखवा. मग गंभीर झाले.

"हे बघा, खरं कुणालाही आपलं आपण सापडू शकतं. तेव्हा त्यावरून नक्कल सिद्ध होत नाही. खोटं मात्र दोघांना आपलं आपण सापडत नाही. ते एकाकडून दुसऱ्याकडे चालत जावं लागतं."

आणि आमचं वाक्य, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचं? ते कंपनीच्या माहितीपत्रकातून घेतलं होतं म्हणाले, तेव्हा दुसरं काही छापलेलंच नव्हतं. म्हणजे कंपनी बोलली, आम्ही लिहिलं, त्या चौघांनी आमची री ओढली, आणि पुढच्या आवृत्तीत आम्हीच त्या चौघांना आधार म्हणून खाली उभं केलं. लग्न घरचं आणि साक्षीदारही घरचेच. पाचातले चार गेले. उरला प्रयोगशाळेचा अहवाल. त्यात मोरपीस नाही, तेवढाच धीर.

संध्याकाळी आईचा फोन. एरवी ती रविवारी करते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, या वयात बाईने घर विस्कटू नये. कशावरून म्हणतेस, तर म्हणाली, सहज आपलं मनात आलं. इतक्या लांबून आईला कसं कळतं कोण जाणे. आईचं काळीज म्हणतात ते हेच असेल, पण 'म्हणतात'वर माझा विश्वास नाही हे मी परवाच लिहिलंय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अहवाल मागच्या परिशिष्टांपर्यंत वाचला. चाचणीची यंत्रं कंपनीनेच पाठवली होती, पण ते मी एक वेळ सोडून देईन. त्यांनी ते लपवलेलं नाही. खरी गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी तपासलंय ते चोराच्या बाजूने. संगणक चोरीला गेला, अनोळखी माणसाच्या हाती पडला, तर पडदा उघडतो का? नाही उघडत. अहवाल प्रामाणिक आहे. फक्त तो आम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ज्याने यंत्र मांडलं, जो त्याच घरात राहतो, त्याचा त्यात कुठे उल्लेखच नाही. चोराला घराबाहेरूनच यावं लागतं, असं ते धरून चाललेत.

म्हणजे पाचांतून शून्य.

आताच्या संपादकांना सांगितलं. वाक्य काढा, ते म्हणाले. मी म्हटलं, काढलं की पत्रकवाल्यांना काय सांगायचं? ते म्हणाले, काही नाही. उघडत नाही याला आधार नाही तसा उघडतं यालाही नाही, तेव्हा कोश गप्प राहील. नियमाने ते बरोबर आहेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण कोश गप्प राहिला की त्या शिवणकामवाल्या बाई त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या गरजेप्रमाणे लावणार, हेही मला दिसतंय.

घरी आले तर खिडकीपाशी नवं टेबल. दिवासुद्धा. नवरा शेजारी उभा, हात मागे बांधून, मुलीच्या पहिल्या सायकलीशेजारी उभा होता तसा. म्हणाला, "तुला खिडकीपाशी स्वतःची जागा हवी होती ना?"

मी हे त्याला कधी म्हटलं?

मघापासून या नव्या टेबलाशी बसून मागच्या सगळ्या नोंदी वाचल्या. एकदा वाचल्या, मग तारखा बघत पुन्हा वाचल्या. आज जास्त लिहीत नाही. दमलेय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ऑफिसात विशेष काही नाही. येताना एका दुकानाच्या काचेत माउथ ऑर्गन दिसला आणि पाय थबकले. लहानपणी शेजारी एक काका संध्याकाळी पायरीवर बसून वाजवायचे. मला तेव्हा तो इतका हवासा वाटायचा की झोपेत हात ओठांशी जायचा म्हणे. कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आपल्याला सूर नाही, लोक हसतील, अशी भीती. आता वाटतं, हसले असते तर हसले असते. निळ्या डबीतला माउथ ऑर्गन. या वयात एखाद्याने आणून दिला तर मी लहान मुलीसारखी रडेन.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ही नोंद कागदावर, ऑफिसात, सगळे घरी गेल्यावर. अक्षर वाकडं येतंय.

आमच्या शेजारी असे कुणी काका नव्हते. मला माउथ ऑर्गन कधीही नको होता. दुकानाची काचही नव्हती. माझ्या दैनंदिनीतलं हे पहिलं खोटं, आणि ते लिहिताना हात इतका सरावल्यासारखा चालला की मला माझीच भीती वाटली.

काल संध्याकाळी टेबलावर निळी डबी होती.

सहज दिसला, घेतला, असं तो म्हणाला. तुला आवडेल असं वाटलं. माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला, मी रडते का ते बघत. आणि मी रडले. त्याला वाटलं, आनंदाने.

रात्रभर स्वतःची उलटतपासणी घेत पडून होते. मी झोपेत बोलते का? कधीतरी बोलण्याच्या ओघात मान, नळ, खिडकी आली असेल का? ती येऊ शकते, ते सगळं खरं होतं आणि खरं कुणालाही आपलं आपण सापडू शकतं. पण माउथ ऑर्गन खोटा होता. तो एकाच ठिकाणी होता. तिथून तो चालत आला.

तरी एका आधारावर निकाल देऊ नये म्हणून आज सकाळी आईला फोन केला. त्या दिवशी ते घर विस्कटण्याचं तुला कसं सुचलं, एवढंच विचारलं. आई आधी गडबडली, मग म्हणाली, "अगं, जावईबापूंनीच सांगितलं, तुला लांब नोकरी आलीय म्हणून. तूच सांगितलंस ना त्यांना? बिचारे इतके काळजीत होते. माझं नाव घेऊ नका म्हणाले."

मी म्हटलं, हो, मीच सांगितलं. एका परीने ते खरंच आहे.

नंतर समुपदेशक बाईंना फोन लावला. कोशातून वाक्य काढलंय, तसं पत्र संपादक पाठवतील, हे सांगितलं. कोश याहून जास्त काही बोलणार नाही, पण मी माझ्यापुरतं बोलते. शिवणकामवाल्या बाईंना तिथे काही ठेवू देऊ नका. ज्याने संगणक मांडला त्याला उघडता येतं. हे कुठेही छापलेलं नाही, मी स्वतः पाहिलंय. हवं तर माझ्या नावाने, माझ्या सहीने लिहून देते.

कुठे पाहिलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरी.

त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

मी म्हटलं, हो, हो. माझा नवरा फार चांगला आहे.

"मी तुमच्याबद्दल विचारलं," त्या म्हणाल्या.

सहीचं पत्र दुपारीच पाठवलं. आयुष्यभर मी सही नसलेली वाक्यं तपासली. या वाक्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, खाडाखोड न करता. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. पत्रकात वाक्य उलटं करून छापतायत. शिवणकामवाल्या बाईंनी अजून काही संगणकावर ठेवलं नव्हतं. फोटो बहिणीपाशीच राहतील. मला न भेटलेल्या त्या बाईंनी माझ्यासाठी निरोप दिलाय: मला आधीपासून शंका होती, पण माझ्या शंकेला कोण विचारतो.

रविवार, २३ फेब्रुवारी

हेही कागदावर. वही पर्समध्ये असते. ती सापडू शकते, मला ठाऊक आहे. पण सापडली तर सापडली हे मला कळेल, एवढा फरक आहे.

दोन दिवस बोलायचं बोलायचं म्हणत होते आणि पुढे ढकलत होते. कसं बोलावं हे ठरेना. आरोप करावा तर त्याने काय केलं? उशी आणली, नळ दुरुस्त केला, टेबल घेतलं. कुणाला सांगायला गेलं तर म्हणेल, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. वळ दाखवता येतात. मी काय दाखवू, माउथ ऑर्गन?

आणि मी स्वतः तरी काय केलं? त्याच्या खात्यात शिरायला माझं मन धजलं नाही, याचा मला अभिमान होता. पण खडा टाकून त्याला पकडलं ते मीच. याचाही हिशेब कधीतरी मांडावा लागेल.

सकाळी चहा त्यानेच केला. दोन कप घेऊन खिडकीच्या टेबलाकडे आला. मी रिकामीच बसले होते. त्याने कप ठेवले, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "बुधवारनंतर काहीच लिहिलं नाहीस. बरं नाहीये का तुला?"

आवाजात काळजी होती. खरीखुरी. मी ती तपासून पाहिली, तिच्यात काही भेसळ नव्हती. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. मी वर त्याच्याकडे बघितलं, तेव्हा हळूहळू आलं. कपाळावरचा हात त्याने काढून घेतला, कुठे ठेवावा ते कळेना म्हणून टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "लिहिते. कागदावर."

तो दुसऱ्या खुर्चीच्या टोकावर बसला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू काही सांगतच नाहीस. मला कळायला नको, तुझ्या मनात काय चाललंय ते?"

मी म्हटलं, "विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

कदाचित नसतं सांगितलं. ते मी त्याला तसंच सांगितलं. पण नाही म्हणायची सोय माझ्याकडे राहिली असती, एवढं मात्र म्हणाले. त्याचा चहा तसाच निवला.

मग मी त्याच्या देखत विद्यापीठात फोन लावला. रविवार होता, कुणी उचलणार नव्हतं, हे मला माहीत होतं. घंटी वाजून थांबली आणि निरोप ठेवा असं यंत्र म्हणालं. मी माझं नाव सांगितलं आणि पुढे म्हटलं, माझा होकार आहे.

फोन खाली ठेवला. हे त्याला कुठे वाचावं लागलं नाही. माझ्या तोंडून ऐकलेलं हे पहिलंच.